टीबीचे औषध चालू आहे, मग नजर कोण तपासते?

टीबीच्या औषधाने लघवी लालसर होते, हे आता वस्तीत जवळजवळ सगळ्यांना ठाऊक आहे. मळमळते, भूक मरते, सांधे धरतात, हेही एकमेकांना सांगितले जाते. पण याच औषधांतले एक औषध डोळ्याच्या नसेला त्रास देऊ शकते, ही गोष्ट फार थोड्या घरांपर्यंत पोचते. दवाखान्यात कुणी सांगतच नाही असे नाही. पण सांगतात ते पहिल्या दिवशी. टीबीचे नाव ऐकून माणूस सुन्न झालेला असतो, मागे रांग असते, हातात कागद असतात, आणि डोळ्यांचे ते एक वाक्य कानावरून निघून जाते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर तेवढा एकच विषय घेतला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. हा लेख वाचून कुणीही आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. डोळ्यांचा हा त्रास थोड्यांनाच होतो. टीबीचे औषध अर्धवट सोडल्याने होणारे नुकसान मात्र मोठे आहे. आजार उलटतो, साध्या गोळ्यांना दाद देईनासा होतो, आणि तसाच हट्टी टीबी घरातल्या लेकरांनाही लागू शकतो. गोळ्याही चालू राहाव्यात आणि डोळेही वाचावेत, दोन्ही जमते. त्यासाठी महिन्यातून पाच मिनिटे लागतात.

गोळीत काय काय असते

साध्या टीबीचा इलाज सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड काढून उरलेली तीन. सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या गोळीत ही औषधे एकत्र असतात, त्यामुळे चार वेगळ्या गोळ्या दिसत नाहीत. पाकिटावर नावे छापलेली असतात. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून ती एकदा वाचून घ्या.

यातले इथॅम्ब्युटॉल हे डोळ्यांशी संबंधित औषध. ते १९६१ साली सापडले आणि तेव्हापासून जगभर वापरात आहे. टीबीच्या जंतूला स्वतःची भिंत बांधू न देणे हे त्याचे काम. एखाद्या रुग्णाचा जंतू दुसऱ्या गोळीला आधीच निर्ढावलेला असेल, तर हे औषध इलाजाला आधार देते. म्हणजे औषध कामाचे आहे. मात्र काही माणसांत ते डोळ्यामागच्या नसेवर परिणाम करते. डोळा जे पाहतो त्याचा निरोप मेंदूपर्यंत नेणारी ती नस. डोळा वरून स्वच्छ दिसतो, लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही, आणि निरोप मात्र हळूहळू पुसट होत जातो.

दुखत नाही, हीच यातली खरी अडचण. दाढ दुखली तर माणूस रात्री अकरा वाजता मेडिकल शोधतो. नजर थोडी थोडी उतरली तर तो दिव्याला दोष देतो, वयाला देतो, चष्म्याला देतो.

केव्हा सावध राहायचे

त्रास बहुधा पहिल्या पंधरा दिवसांत दिसत नाही. साधारण दोन महिने औषध पोटात गेल्यानंतर तो सुरू होतो, क्वचित त्याआधी. आता बघा, दोन महिन्यांनी घरात काय परिस्थिती असते? खोकला गेलेला असतो, ताप उतरलेला असतो, वजन दोन-तीन किलो वाढलेले असते, माणूस कामावर परतलेला असतो. पुढच्या गोळ्या आणायलाही कधी बायको जाते, कधी मुलगा. डॉक्टरांची आणि रुग्णाची समोरासमोर गाठ कमी होते. म्हणजे डोळ्यांवर लक्ष हवे तेव्हाच सगळ्यांचे लक्ष उडालेले असते. कॅलेंडरवर दुसरा महिना संपतो त्या तारखेला आजच खूण करून ठेवा.

काही जणांनी जास्त जपायला हवे. इथॅम्ब्युटॉल बहुतेक लघवीवाटे बाहेर पडते. किडनी मंद चालत असेल तर ते अंगात साचते. म्हणून ज्यांना किडनीचा आजार आहे, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, ज्यांना बरीच वर्षे साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे, त्यांनी पहिल्याच भेटीत हे सांगायचे. क्रिएटिनिन नावाची रक्ताची साधी तपासणी किडनीची हालत सांगते. ती झाली आहे का, हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. दारू आणि तंबाखूनेही डोळ्याची हीच नस कमकुवत होते, हे वेगळे. आधीच मोतीबिंदू किंवा काचबिंदू असणाऱ्यांना नजरेतला नवा फरक ओळखू येत नाही, तेव्हा त्यांची सुरुवातीची तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच झालेली बरी.

वजनाचा हिशेब

गोळ्या किती घ्यायच्या हे वजनावर ठरते. मोठ्या माणसांच्या सरकारी गोळीत इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोला चार. समजा एका बाईंचे वजन ४० किलो आहे. तीन गोळ्यांतून त्यांच्या पोटात ८२५ मिलिग्रॅम जाते, म्हणजे किलोमागे वीस-एकवीस मिलिग्रॅम. हे योग्य आहे. पण काट्यावर उभे न करता कुणी अंदाजाने ५० लिहिले आणि चार गोळ्या सुरू झाल्या, तर तोच आकडा साडेसत्तावीसवर जातो. डोळ्यांचा धोका या आकड्याबरोबर चढतो. किलोमागे १५ मिलिग्रॅम असेल तर शंभरात एखाद्याला, २५ च्या आसपास पाच-सहा जणांना, ३५ च्या वर गेले तर अठरा जणांपर्यंत, असे आकडे वैद्यकीय पुस्तकांत सापडतात.

तेव्हा वजनकाट्यावर उभे राहायला संकोच करू नका. साडीचा, चपलांचा, सोबतच्या पिशवीचा भार बाजूला ठेवा आणि दर महिन्याला वजन करून कार्डावर लिहून घ्या. पाच किलोहून अधिक फरक पडला तर गोळ्यांची संख्या बदलू शकते. ती डॉक्टर बदलतील. ‘डोळ्यांना जपायचे म्हणून मी दोनच घेतो’ हा हिशेब घरी करायचा नाही. त्याने डोळे वाचण्याची खात्री नाही आणि टीबी मात्र अर्धपोटी औषधावर मुरतो.

काय जाणवते

बहुधा दोन्ही डोळ्यांत एकदम, क्वचित एकात आधी. मधोमध पुसट होते आणि कडेचे नीट दिसते. समोरच्याचा चेहरा धूसर, पण त्याच्या बाजूचा दरवाजा स्पष्ट. बसची पाटी पूर्वीच्या अंतरावरून वाचता येत नाही. सुईत दोरा जात नाही. तांदूळ निवडताना खडे सुटतात. मोबाइलवरचे अक्षर मोठे करावे लागते.

दुसरी खूण रंगांची. कधी कधी ती नजर कमी होण्याच्याही आधी येते. लाल रंगाचा तजेला जातो, तो विटकरी किंवा करडा वाटू लागतो. हिरवा आणि लाल शेजारी ठेवले तर फरक पटकन कळत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईंना रिळे निवडताना हे जाणवेल, भाजी विकणाऱ्याला मिरच्या वेगळ्या करताना, रिक्षावाल्याला सिग्नलला. ज्याचे पोट वाहन चालवण्यावर आहे त्याने असे काही वाटले तर डॉक्टरांना भेटेपर्यंत गाडी बाजूला लावावी. एक दिवसाची कमाई बुडेल, पण रस्त्यावरच्या माणसाचाही जीव आहे.

कॅलेंडरसमोरची पाच मिनिटे

डोळ्यांच्या दवाखान्यात अक्षरांचा तक्ता असतो. घरी आपल्याकडे भिंतीवरचे कॅलेंडर आहे. बाबासाहेबांचे चित्र असलेले असो की दुकानदाराने दिलेले, त्यावर मोठे आकडे असतात, खाली बारीक अक्षरे असतात, आणि रविवार-सुट्टीचे आकडे लाल असतात. आपल्याला लागते ते सगळे त्यात आहे.

आपल्या खोल्यांत दिवसाही उजेड कमी असतो. म्हणून कॅलेंडर दाराजवळ टांगा आणि दर वेळी एकाच वेळेला, साधारण सकाळी दहा-अकराला बघा. उभे राहायची जागाही ठरलेली हवी. खोली लहान असेल तर सहा फुटांवरूनही चालेल, फक्त दर महिन्याला तेच सहा फूट. फरशीवर खडूने रेघ मारा. रोजचा चष्मा असेल तर तो लावूनच बघा. आता एक डोळा तळहाताने झाका. डोळा दाबायचा नाही, बोटांच्या फटीतून बघायचे नाही. उघड्या डोळ्याने मोठे आकडे वाचा, मग पौर्णिमेच्या खुणेशेजारची बारीक अक्षरे, मग त्याहून बारीक. कुठपर्यंत वाचता आले ते लक्षात ठेवा. मग एका आकड्याच्या मधोमध नजर स्थिर करा. मध्ये डाग, धूर किंवा पोकळी वाटते का? मग लाल आकड्याकडे बघा. गेल्या महिन्याइतकाच लाल आहे? तेच सगळे दुसऱ्या डोळ्याने करा.

एकेक डोळा वेगळा तपासायचा, याला महत्त्व आहे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचे उणे भरून काढतो आणि माणसाला पत्ता लागत नाही.

जे वाचता आले ते त्याच कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा: ‘उजवा – बारीक अक्षरांपर्यंत, डावा – बारीक अक्षरांपर्यंत, लाल ठीक.’ नुसत्या आठवणीवर विसंबू नका, कारण नजर इतकी सावकाश उतरते की गेल्या महिन्याचे खरेच आठवत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीसाठी नातवाने ठरलेल्या जागेवर उभे राहून बोटे दाखवावीत, आणि लाल-हिरव्या बांगड्या किंवा मिरच्या ओळखायला लावाव्यात.

पहिली तपासणी औषध सुरू होण्याच्या आधी किंवा पहिल्या आठवड्यात झाली तर उत्तम. तेवढ्याचसाठी सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागातून एकदा नजर तपासून कागद घ्या. औषध आधीच चालू असेल तर आजची नोंद हीच पहिली समजा. घरची तपासणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. दवाखान्यात कधी धाव घ्यायची एवढेच ती सांगते.

लहान मुलांनाही हे औषध देतात. पाच वर्षांच्या आतले मूल ‘मला धूसर दिसते’ असे म्हणणार नाही. ते वही नाकाशी नेते, टीव्हीला चिकटून बसते, जमिनीवर पडलेले खेळणे चाचपडते, रंगखडू चुकीचे उचलते. आईने आणि अंगणवाडीच्या ताईंनी हे बघायचे.

फरक वाटला तर

त्याच दिवशी टीबी केंद्रावर जा किंवा फोन करा. रात्र असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि पुढचा डोस घेण्याआधी. आशाताई किंवा औषध देणाऱ्या ताई-दादांना सांगा, पण तिथेच थांबू नका. डॉक्टरांपर्यंत गोष्ट गेली पाहिजे. शब्द सरळ वापरा: ‘टीबीच्या गोळ्या चालू आहेत, इथॅम्ब्युटॉल आहे, आणि नजर कमी झाली आहे.’ एवढ्यावरून समजणाऱ्याला समजते.

गोळी एकत्र असल्यामुळे आपल्याला त्यातले एक औषध वगळता येत नाही. डॉक्टर ते करू शकतात. ते इथॅम्ब्युटॉल बंद करतात आणि बाकीची औषधे सुटी देऊन इलाज पुढे नेतात. डॉक्टरांना गाठण्यात एखादा दिवस गोळी राहिली तर इलाज वाया जात नाही. मात्र ‘डोळ्यांना त्रास होतोय’ म्हणून सगळ्या गोळ्या फडताळात टाकून महिनाभर घरी बसणे घातक. आणि ‘दोन महिनेच राहिलेत, कोर्स संपला की बघू’ म्हणून त्याच गोळ्या गिळत राहणे डोळ्यांसाठी तितकेच घातक. दोन्ही प्रकार आपल्या वस्त्यांत घडतात.

लवकर थांबवले तर बहुतेकांची नजर परत येते. पण ती आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येते. औषध बंद केल्यावर सुरुवातीला थोडी आणखी उतरल्यासारखीही वाटू शकते, तेव्हा डॉक्टरांच्या तारखा चुकवू नका. उशीर झालेल्या काहींची नजर पूर्ण भरून येत नाही. डोळ्यांत गुलाबपाणी, मध, कुणाचे तरी थेंब घालून काही होत नाही, कारण बिघाड डोळ्याच्या पुढच्या भागात नसतोच. मीठ-मिरची ओवाळून नजर काढली, तर त्यानेही ही नजर परत येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चष्म्याच्या दुकानात. नजर धूसर झाली की माणूस आधी तिथे जातो, नंबर वाढवून मिळतो, पैसे जातात, महिना जातो. डोळ्यांचे डॉक्टर एक सोपी युक्ती करतात. काळ्या पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून वाचायला लावतात. चष्म्याच्या नंबरची चूक असेल तर छिद्रातून स्पष्ट दिसते. नसेचा बिघाड असेल तर छिद्रातूनही सुधारत नाही. मग ते ठिपक्यांच्या रंगीत तक्त्यावरचे आकडे ओळखायला लावतात, आणि नजरेचा पसारा मशीनवर मोजतात. बाहुली मोठी करून आत पाहिले तरी सुरुवातीला नस अगदी निरोगी दिसू शकते. म्हणून ‘आत काही नाही’ असे ऐकूनही दिसणे कमी होत असेल, तर रंगांची आणि पसाऱ्याची तपासणी झाली का ते विचारा.

पण डॉक्टर हे कधी करतील? टीबीचे औषध चालू आहे हे त्यांना कळले तर. आपल्याकडे टीबी लपवतात. मुलीचे लग्न जमायचे असते, कामावरून काढून टाकतील अशी भीती असते. म्हणून वस्तीतल्या नेत्रशिबिरात, जिथे शेजारीपाजारी रांगेत उभे असतात, माणूस ‘कसल्या गोळ्या चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणतो. मग मोतीबिंदूची सुरुवात म्हणून त्याला पुढच्या वर्षीची तारीख मिळते. चारचौघांत बोलायचे नसेल तर बोलू नका. गोळ्यांचे रिकामे पाकीट घडी घालून खिशात न्या आणि डॉक्टरांच्या हातात ठेवा. शिबिर भरवणाऱ्या आपल्या मंडळांनीही नाव नोंदवण्याची जागा रांगेपासून थोडी दूर, आडोशाला ठेवावी. एवढ्या साध्या सोयीने माणसे खरे बोलतात.

डोळ्यांतले सगळेच बदल एक नव्हेत

रिफॅम्पिसिनमुळे लघवी, घाम आणि अश्रूही नारिंगी होतात. पांढऱ्या रुमालाला डाग पडतो. हे निरुपद्रवी आहे. डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होणे मात्र वेगळे. ती कावीळ असू शकते, म्हणजे औषधांचा भार यकृतावर आला आहे. सोबत उलट्या असतील, जेवण जात नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना. डोळा लाल होऊन दुखत असेल तर तो आणखी वेगळा आजार, त्यालाही तपासणी हवी. साखरेच्या रुग्णांत आणखी एक गुंता असतो. रिफॅम्पिसिनमुळे साखरेच्या काही गोळ्यांचा जोर कमी पडतो, साखर चढते आणि त्यानेही धूसर दिसते. म्हणून नेमके कारण घरी ठरवू नका, साखर आणि नजर दोन्ही तपासून घ्या.

ज्यांचा टीबी साध्या गोळ्यांना दाद देत नाही, त्यांच्या इलाजात बहुधा लिनेझोलिड असते. २०२४ मध्ये आपल्या देशात मंजूर झालेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारातही ते आहे. हे औषधही डोळ्याच्या नसेला त्रास देऊ शकते, तेही बहुधा काही महिने घेतल्यावर. सोबत पायांना मुंग्या येतात, तळवे जळतात, रक्त कमी होते. अशा रुग्णांनी घरच्या कॅलेंडरवर न थांबता दर महिन्याला केंद्रातून डोळ्यांची तपासणी मागावी. तळव्यांची जळजळ ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात.

काही शंका असेल तर टीबीसाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे: १८००-११-६६६६. खासगी डॉक्टरांकडे इलाज चालू असला तरी तिथे विचारता येते.

ज्यांना इथॅम्ब्युटॉलने डोळ्यांचा त्रास झाला, त्यांनी तो इलाजाच्या कार्डावर ठळक लिहून घ्यावा आणि ते कार्ड कोर्स संपल्यावर रद्दीत टाकू नये. पुढे कधी टीबी उलटला, गाव बदलले, दवाखाना बदलला, तर नव्या डॉक्टरांना तेच औषध पुन्हा द्यायचे नाही हे त्या कार्डावरूनच कळेल. रेशनकार्डाच्या पिशवीत ते ठेवलेले बरे. घर बदलताना ती पिशवी कुणी विसरत नाही.